पाळतीचा बाजार आणि नागरिकांची सुरक्षितता

(जिल्हा ग्रंथालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आजवर शेती, सहकार, पाणी, आरोग्य, शिक्षण अशा विषयांवर अधिकारी व्यक्तींची भाषणे झाली आहेत. त्यांच्या पंक्तीत ‘हेरगिरीचे सॉफ्टवेअर’ हा विषय काहीसा परका वाटण्याचा संभव आहे. हेर, गुप्तहेर, परराष्ट्रांची कारस्थाने हे सारे कादंबरीत शोभणारे. जिल्ह्याच्या ठिकाणी राहणाऱ्या शिक्षकाचा, व्यापाऱ्याचा किंवा ग्रामसेवकाचा त्याच्याशी काय संबंध, असा प्रश्न साहजिकच मनात येईल. हा संबंध किती निकटचा आहे, हे दाखविणे एवढाच माझ्या आजच्या भाषणाचा हेतू आहे.

आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशात आज एक मोबाईल आहे. त्यात आपला पत्रव्यवहार आहे, बँकेचे खाते आहे, कुटुंबाची छायाचित्रे आहेत, डॉक्टरांनी दिलेल्या तपासण्यांचे अहवाल आहेत, आणि आपण दिवसभरात कोठे कोठे गेलो याची नोंदही आहे. पूर्वी एखाद्याच्या घराची झडती घेऊनही जेवढे हाती लागले नसते, तेवढे आज या एका यंत्रात एकत्र सापडते. ज्याने या यंत्रात गुपचूप प्रवेश मिळविला, त्याने त्या माणसाच्या आयुष्यातच प्रवेश मिळविला, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

जुनी विद्या, नवे साधन

राज्यकारभारात हेरांचे स्थान फार पुरातन आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गूढपुरुषांच्या नेमणुकीवर स्वतंत्र विवेचन असून विद्यार्थी, संन्यासी, गृहस्थ, व्यापारी व तपस्वी अशा वेशांत वावरणाऱ्या हेरांचे वर्ग सांगितले आहेत. शिवछत्रपतींच्या कारकीर्दीत बहिर्जी नाईक यांनी केलेली कामगिरी महाराष्ट्राला परिचित आहे. राष्ट्राच्या रक्षणासाठी शत्रूची बातमी काढावी लागते, हे कोणताही सुज्ञ मनुष्य नाकारणार नाही. आजही दहशतवाद, अमली पदार्थांचा व्यापार, मुलांचे अपहरण असे गुन्हे रोखावयाचे तर तपासयंत्रणेच्या हाती समर्थ साधने असली पाहिजेत.

परंतु जुन्या हेरगिरीला एक नैसर्गिक मर्यादा होती. एका माणसावर पाळत ठेवावयाची तर चार माणसे लागत. त्यांना वेळ लागे, खर्च लागे आणि उघडकीस येण्याचे भय असे. त्यामुळे कोणावर पाळत ठेवावी, याचा राज्यकर्त्यांना विचार करावा लागे. आजच्या साधनाने ही मर्यादाच काढून टाकली आहे. एका देशातील कार्यालयात बसून दुसऱ्या देशातील मनुष्याच्या शयनगृहातील संभाषण ऐकता येते, आणि त्या मनुष्याला त्याची गंधवार्ताही नसते. साधन जेव्हा इतके सुलभ होते, तेव्हा ते वापरण्याचा मोह आवरण्यासाठी बाहेरून बंधन घालावे लागते. आजच्या विषयाचे मर्म येथेच आहे.

हे यंत्र चालते कसे?

तांत्रिक तपशिलात फार न शिरता याची रीत समजून घेऊ. व्हॉट्सॲपसारख्या साधनांवरून जाणारा मजकूर वाटेत कूटबद्ध केलेला असतो. वाटेत कोणी तो अडविला तरी त्याला अर्थबोध होत नाही. म्हणजे पाकीट पक्के मोहोरबंद आहे. पण पत्र वाचणाऱ्याच्या मागे कोणी उभा राहून खांद्यावरून ते वाचू लागला, तर मोहोरेचा उपयोग काय? हेरगिरीचे सॉफ्टवेअर नेमके हेच करते. ते वाटेत न थांबता थेट मोबाईलमध्ये ठाण मांडते. मजकूर कूटबद्ध होण्यापूर्वी किंवा उलगडल्यानंतर तो वाचते. ध्वनिग्राहक आणि कॅमेरा परस्पर सुरू करते. मनुष्य कोठे आहे हे कळविते.

ते आत शिरते कोठून? कोणतीही मोठी आज्ञावली लक्षावधी ओळींची असते आणि तीत काही उणिवा राहून जातात. ज्या उणिवेचा पत्ता खुद्द ती आज्ञावली तयार करणाऱ्या कंपनीलाही लागलेला नसतो, तिला या क्षेत्रात ‘झीरो-डे’ म्हणतात. कारण दुरुस्तीसाठी कंपनीच्या हाती एक दिवसही नसतो. अशी उणीव ज्याला सापडली, त्याच्यापुढे दोन मार्ग असतात : कंपनीला कळवून ती दुरुस्त करविणे, किंवा ती गुप्त ठेवून विकणे. ‘झीरोडियम’ नावाच्या कंपनीने २०१५ मध्ये आयफोनमधील अशा उणिवांसाठी दहा लाख डॉलरचे पारितोषिक जाहीर केले होते. सचोटीच्या मार्गावरून माणसाचे पाऊल घसरावे एवढे हे आमिष मोठे आहे.

पूर्वी या कामासाठी सावजाला एखाद्या दुव्यावर बोट ठेवावयास लावावे लागे. पुढे तेवढीही गरज उरली नाही. २०१९ मध्ये व्हॉट्सॲपच्या कॉलमधील एका उणिवेतून, समोरच्याने कॉल उचलला नाही तरीही, फोनमध्ये प्रवेश मिळविला जात होता. २०२१ मध्ये उघड झालेल्या दुसऱ्या एका प्रकारात साधे चित्र भासणारी, पण वस्तुतः पीडीएफ असलेली फाईल आयफोनवर पाठविली जाई. फोनने ती आपणहून उघडताच काम फत्ते होई. अशा वेळी सावधपणे वागणारा मनुष्यही असहाय होतो.

एका संदेशाची हकीकत

या व्यापारावर जगाचा लख्ख प्रकाश पडला तो एका माणसाच्या सावधपणामुळे. संयुक्त अरब अमिरातीत अहमद मन्सूर नावाचे मानवी हक्कांचे कार्यकर्ते होते. १० व ११ ऑगस्ट २०१६ रोजी त्यांच्या आयफोनवर संदेश आले. अमिरातीच्या तुरुंगांत होणाऱ्या छळाची नवी माहिती पुढील दुव्यावर आहे, असा त्यांचा आशय होता. यापूर्वीही दोनदा निरनिराळ्या कंपन्यांच्या साधनांनी त्यांच्यावर पाळत ठेवण्याचे प्रयत्न झाले होते. त्यामुळे त्यांनी दुवा उघडला नाही. तो संदेश त्यांनी कॅनडातील टोरांटो विद्यापीठाच्या ‘सिटिझन लॅब’ या संशोधनसंस्थेकडे पाठविला.

संशोधकांनी एका वेगळ्या फोनवर तो दुवा उघडून पाहिला. आयफोनमधील तीन अज्ञात उणिवांची साखळी वापरून फोनचा पूर्ण ताबा घेणारी ती योजना होती. तिचा माग काढता काढता ते इस्रायलमधील ‘एनएसओ ग्रुप’ या कंपनीपर्यंत आणि तिच्या ‘पेगासस’ या उत्पादनापर्यंत पोहोचले. ॲपल कंपनीला कळविण्यात आले आणि २५ ऑगस्ट २०१६ रोजी, म्हणजे सुमारे दोन आठवड्यांत, जगभरातील आयफोनधारकांसाठी दुरुस्ती उपलब्ध झाली.

एका माणसाने दाखविलेल्या सावधगिरीचा लाभ कोट्यवधी लोकांना झाला. त्या माणसाचे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. मार्च २०१७ मध्ये मन्सूर यांना अटक झाली आणि २०१८ मध्ये त्यांना दहा वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावण्यात आली.

पाळतीची बाजारपेठ

एनएसओ ही कंपनी २०१० मध्ये स्थापन झाली. आपण केवळ सरकारांना आणि तेही गुन्हे व दहशतवाद रोखण्यासाठीच माल विकतो, असे ती सांगत आली आहे. तिच्या निर्यातीला इस्रायलच्या संरक्षण मंत्रालयाचा परवाना लागतो. म्हणजे हा व्यापार खाजगी असला तरी त्याच्या दोन्ही टोकांना सरकारेच आहेत : एक परवाना देणारे आणि दुसरे विकत घेणारे. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २०१६ मध्ये कंपनीचे जे दर प्रसिद्ध केले, त्यांनुसार यंत्रणा उभारण्याचे पाच लाख डॉलर आणि दहा आयफोनवर पाळत ठेवण्याचे साडेसहा लाख डॉलर आकारले जात होते.

या व्यापारात ही एकच कंपनी नाही. इटलीतील मिलान शहरी ‘हॅकिंग टीम’ नावाची कंपनी होती. जुलै २०१५ मध्ये तिचेच संगणक कोणी फोडले आणि सुमारे चारशे गिगाबाइट कागदपत्रे चव्हाट्यावर आली. दुसऱ्यांची कुलुपे उघडणाऱ्याला स्वतःचे दार राखता आले नाही. जर्मनीतील ‘फिनफिशर’ या कंपनीचे साधन २०१२ मध्ये बहारीनच्या कार्यकर्त्यांविरुद्ध वापरल्याचे आढळले. ती कंपनी २०२२ मध्ये दिवाळखोरीत गेली. एक दुकान बंद पडते आणि दुसरे उघडते, कारण गिऱ्हाईक कायम आहे.

गुन्हेगारांसाठी म्हणून घेतलेले साधन कोणाकोणावर वापरले गेले, हे पाहिले म्हणजे मन विषण्ण होते. मेक्सिको हे पेगाससचे सुरुवातीचे गिऱ्हाईक. तेथील मादक द्रव्यांच्या टोळ्या कुप्रसिद्ध आहेत आणि त्यांचा बंदोबस्त करण्यासाठी साधन हवे, ही गरज खरी होती. पण २०१७ मध्ये उघडकीस आले ते असे की, साखरयुक्त शीतपेयांवरील कर वाढवावा म्हणून प्रचार करणाऱ्या पोषणतज्ज्ञ व आरोग्य-कार्यकर्त्यांच्या फोनवरही तसे संदेश धाडले गेले होते. मुलांचा लठ्ठपणा आणि मधुमेह यांविरुद्ध झटणाऱ्या डॉक्टरांपासून राष्ट्राला कोणता धोका होता?

लोकशाहीची जन्मभूमी म्हणून जिचा आपण गौरव करतो, त्या ग्रीसमध्येही २०२२ मध्ये असेच वादळ उठले. तेथे एका शोधपत्रकाराच्या फोनमध्ये ‘प्रिडेटर’ नावाचे साधन सापडले. एका विरोधी पक्षाचे नेते निकोस आंद्रुलाकिस यांच्या फोनवरही त्याचा प्रयोग करण्याचा यत्न झाला होता. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये गुप्तवार्ता विभागाच्या प्रमुखांना आणि पंतप्रधान कार्यालयाच्या सरचिटणीसांना पद सोडावे लागले. सरकारने ते साधन आपण विकत घेतल्याचा इन्कार केला. हा प्रश्न केवळ हुकूमशाही राजवटींचा नाही, एवढा बोध यातून घ्यावयास हरकत नाही.

उघडे ठेवलेले भगदाड

“आम्ही कार्यकर्तेही नाही आणि पुढारीही नाही. आमच्यावर कोण पाळत ठेवणार?” असे काही श्रोते मनात म्हणत असतील. या शंकेचे उत्तर उणिवा गुप्त ठेवण्याच्या प्रथेत आहे. एका माणसाच्या फोनमध्ये शिरण्यासाठी जी उणीव राखून ठेवली जाते, ती त्या एकाच फोनमध्ये नसते. त्याच बनावटीच्या प्रत्येक फोनमध्ये असते. गावाच्या तटाला पडलेले भगदाड एका चोराला पकडण्यासाठी मुद्दाम उघडे ठेवले, तर त्यातून उद्या कोण आत येईल हे सांगता येत नाही.

हे केवळ तर्काने सांगत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने मायक्रोसॉफ्टच्या विंडोज प्रणालीतील एक उणीव हेरून तिच्यासाठी ‘इटर्नलब्लू’ नावाचे हत्यार बनविले होते. ते हत्यार चोरीस गेले आणि एप्रिल २०१७ मध्ये एका अज्ञात गटाने ते जगजाहीर केले. मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दुरुस्ती काढली होती, पण असंख्य संगणकांवर ती बसविली गेली नव्हती. १२ मे २०१७ रोजी त्याच हत्याराच्या बळावर ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर विषाणू सुटला आणि सुमारे १५० देशांत पसरला. इंग्लंडमधील सरकारी रुग्णालयांतील सुमारे १९ हजार भेटी व शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. पुढे अमेरिका व ब्रिटन यांनी या हल्ल्याबद्दल उत्तर कोरियाला जबाबदार धरले. एका देशाच्या कोठारातील हत्यार दुसऱ्या देशाच्या हाती पडले, आणि घाव बसला तो तिसऱ्याच देशातील रुग्णाला.

यानंतर सहाच आठवड्यांनी, २७ जून २०१७ रोजी, युक्रेनमध्ये हिशेब ठेवण्याच्या एका प्रचलित सॉफ्टवेअरच्या मार्गाने ‘नॉटपेट्या’ हा विषाणू सोडण्यात आला. त्यातही इटर्नलब्लूचा वापर होता. लक्ष्य युक्रेन होते. पण विषाणूला सरहद्द कळत नाही. डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरातील संगणक काही मिनिटांत निकामी झाले. त्याचा परिणाम थेट आपल्या दारात झाला. न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात याच समूहाच्या कंपनीकडून चालविले जाणारे कंटेनर टर्मिनल ठप्प झाले, संगणकाची कामे हाताने करण्याची वेळ आली आणि माल साचू लागला. मर्स्कला चार हजार सर्व्हर व पंचेचाळीस हजार संगणक नव्याने सज्ज करावे लागले. तिचे नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेले. अमेरिकेने २०२० मध्ये या प्रकरणी रशियाच्या लष्करी गुप्तवार्ता विभागाच्या सहा अधिकाऱ्यांवर आरोप ठेवले. युक्रेनमध्ये लागलेल्या आगीची झळ उरणच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचली ती अशी.

महाराष्ट्राचा अनुभव

परराष्ट्रांशी निगडित सायबर हल्ल्यांचा याहून थेट अनुभवही महाराष्ट्राने घेतला आहे. पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक ही १९०६ साली स्थापन झालेली, सहकाराच्या परंपरेतील मान्यवर संस्था. ११ व १३ ऑगस्ट २०१८ या दोन दिवसांत तिचे ९४ कोटी ४२ लाख रुपये लुटले गेले. लुटारूंनी बँकेच्या यंत्रणेत शिरून, एटीएमकडून आलेल्या विचारणेला मंजुरी देणारी एक खोटी यंत्रणाच मध्ये उभी केली. बनावट कार्डे घेऊन अठ्ठावीस देशांत ठिकठिकाणी उभे असलेले लोक पैसे काढीत गेले, आणि प्रत्येक विचारणेला ‘होय’ असे उत्तर मिळत गेले. देशातही, कोल्हापूरसारख्या शहरात, अशा कार्डांवर पैसे काढले गेले. उरलेले सुमारे चौदा कोटी रुपये हाँगकाँगमधील एका खात्यात वळविण्यात आले. पुणे पोलिसांनी चिकाटीने तपास केला आणि एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरविले. यंत्रांपुढे उभे राहून पैसे काढणारे हात सापडले. त्यामागील सूत्रधारांविषयी संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञमंडळाने २०१९ मध्ये उत्तर कोरियाकडे बोट दाखविले. सहकारी बँकेत पै-पै साठविणाऱ्या खातेदाराचा परराष्ट्राच्या कारवायांशी असा संबंध येतो.

तथापि प्रत्येक बिघाडामागे परकीय हात शोधणेही योग्य नव्हे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईचा वीजपुरवठा खंडित होऊन लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या होत्या. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये एका अमेरिकन कंपनीने, भारताच्या वीज यंत्रणेत चीनशी संबंधित गटाने शिरकाव केल्याचा अहवाल प्रसिद्ध केला. राज्याच्या तत्कालीन गृहमंत्र्यांनी, त्या घटनेत सायबर घातपाताची शक्यता सायबर विभागाच्या प्राथमिक अहवालात दिसते असे सांगितले. तर तत्कालीन केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी तो मानवी चुकीचा परिणाम असल्याचे सांगितले. या क्षेत्रात हल्लेखोर आपल्या पावलांचे ठसे पुसून जातो, किंबहुना दुसऱ्याचे ठसे उमटवून जातो. म्हणून पुराव्याविना निष्कर्ष काढण्याची घाई कोणीच करू नये.

कायदा काय सांगतो?

आता आपल्या देशातील या विषयाच्या सर्वांत नाजूक बाजूकडे वळतो. २०१९ मध्ये व्हॉट्सॲपमधील उणिवेतून जगातील सुमारे १,४०० जणांना लक्ष्य केले गेले. त्यांत १२१ भारतीय असल्याचे कंपनीने केंद्र सरकारला कळविले होते. जुलै २०२१ मध्ये सतरा वृत्तसंस्थांनी मिळून पन्नास हजारांहून अधिक दूरध्वनी क्रमांकांच्या एका यादीवर आधारित वृत्तांत प्रसिद्ध केले. त्यांत भारतीय पत्रकार, कार्यकर्ते व राजकीय व्यक्ती यांचे सुमारे तीनशे क्रमांक असल्याचे सांगण्यात आले. यादीत क्रमांक असणे म्हणजे पाळत ठेवली गेली असे नव्हे, आणि भारतीय कायद्यातील तरतुदींमुळे बेकायदा पाळत शक्य नाही, अशी भूमिका केंद्र सरकारने संसदेत मांडली.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २७ ऑक्टोबर २०२१ रोजी न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांच्या देखरेखीखाली तांत्रिक समिती नेमली. तिच्या तीन सदस्यांपैकी डॉ. अश्विन गुमास्ते हे मुंबईच्या आयआयटीतील प्राध्यापक होते, हे आपण लक्षात ठेवावे. राष्ट्रीय सुरक्षेचे नाव घेतले म्हणजे न्यायालयाने डोळे मिटून घ्यावेत असे नाही, ही भूमिका न्यायालयाने या आदेशात स्पष्ट केली. समितीने २९ फोन तपासले. त्यांपैकी पाचांत काही घातक आज्ञावली आढळली, परंतु ती पेगाससच होती असे निश्चितपणे सांगता आले नाही. तसेच सरकारने समितीला सहकार्य केले नाही, असे ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयात नमूद करण्यात आले. एप्रिल २०२५ मधील सुनावणीत न्यायालयाने असे मत व्यक्त केले की, देशाच्या सुरक्षेसाठी असे साधन बाळगण्यात गैर काही नाही. प्रश्न ते कोणाविरुद्ध वापरले जाते हा आहे.

माझ्या मते संपूर्ण विषयाचा गाभा याच वाक्यात आला आहे. कोणाविरुद्ध, कोणाच्या परवानगीने आणि किती काळ, या तीन प्रश्नांची उत्तरे कायद्याने दिली पाहिजेत. १८८५ च्या तार अधिनियमाखाली दूरध्वनीवरील संभाषण ऐकण्याची तरतूद होती. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला कार्यपद्धतीची चौकट घालून दिली : गृहसचिवांच्या दर्जाच्या अधिकाऱ्याचा लेखी आदेश, ठराविक मुदत आणि पुनर्विलोकन समिती. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६९ खालील २००९ च्या नियमांतही अशीच पद्धत आहे. तार अधिनियमाची जागा आता दूरसंचार अधिनियम, २०२३ ने घेतली आहे. दुसऱ्याच्या संगणकात परवानगीवाचून शिरणे हा याच माहिती तंत्रज्ञान अधिनियमाखाली गुन्हा आहे. आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. त्या हक्कावर बंधन घालावयाचे तर त्याला कायद्याचा आधार हवा, हेतू उचित हवा आणि उपाय प्रमाणात हवा.

येथे एक भेद ध्यानी घेतला पाहिजे. संभाषण वाटेत ऐकणे आणि फोनचा संपूर्ण ताबा घेणे या दोन गोष्टी सारख्या नाहीत. पहिलीत चालू संभाषण कळते. दुसरीत मनुष्याचा सारा भूतकाळ हाती येतो, इतकेच नव्हे तर त्याच्या फोनमध्ये नवे काही ठेवणेही शक्य होते. अशा स्थितीत न्यायालयापुढे येणाऱ्या पुराव्याच्या सत्यतेविषयीच शंका निर्माण होते. म्हणून तारेच्या युगातील नियम या साधनाला पुरेसे आहेत काय, याचा विचार विधिमंडळांनी व विधिज्ञांनी केला पाहिजे. आपल्याकडे परवानगी देणारे आणि तिचे पुनर्विलोकन करणारे हे दोघेही शासनाचेच अधिकारी असतात. ब्रिटनने २०१६ च्या कायद्याने मंत्र्यांच्या आदेशाला न्यायाधीशांची संमती आवश्यक केली आहे. त्या धर्तीची तरतूद झाल्यास प्रामाणिक तपास अधिकाऱ्याचे काही अडणार नाही. उलट त्याच्या कामाला प्रतिष्ठा लाभेल.

जगाची पावले

जगानेही काही पावले टाकली आहेत. अमेरिकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये एनएसओसह चार कंपन्यांना निर्बंधांच्या यादीत घातले, आणि मार्च २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशान्वये धोकादायक ठरलेली व्यापारी हेरसाधने वापरण्यास सरकारी खात्यांना मनाई केली. याच अमेरिकेच्या एफबीआयने पूर्वी चाचणीसाठी म्हणून पेगासस घेतले होते, हेही खरे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटन व फ्रान्स यांनी या व्यापाराला शिस्त लावण्यासाठी अनेक देशांची एक प्रक्रिया सुरू केली. व्हॉट्सॲपने एनएसओविरुद्ध २०१९ मध्ये कॅलिफोर्नियात लावलेल्या दाव्यात ज्यूरीने मे २०२५ मध्ये सोळा कोटी डॉलरहून अधिक दंडात्मक भरपाई ठरविली. पुढे ऑक्टोबरमध्ये न्यायाधीशांनी ती रक्कम चाळीस लाख डॉलरपर्यंत कमी केली, परंतु व्हॉट्सॲपच्या वापरकर्त्यांना लक्ष्य करण्यास त्या कंपनीला कायमची मनाई केली. दंड कमी झाला तरी, सरकारे आपली गिऱ्हाइके आहेत म्हणून कंपनीला कायद्यातून सूट मिळत नाही, हे तत्त्व प्रस्थापित झाले. त्याचे मोल पैशात मोजता येणार नाही.

आपण काय करावे?

आता आपल्या हाती काय आहे ते पाहू. पहिली गोष्ट म्हणजे फोनची व संगणकाची दुरुस्ती, ज्याला आपण अपडेट म्हणतो, ती येताच बसवून घ्यावी. वॉनाक्रायच्या वेळी ज्यांनी दोन महिने आधी आलेली दुरुस्ती बसविली होती, ते त्या उणिवेपासून सुरक्षित राहिले. ग्रामपंचायती, शाळा, पतसंस्था, लहान रुग्णालये येथील जुने संगणक याबाबतीत सर्वांत दुर्लक्षित असतात. तेथील जबाबदार व्यक्तींनी हे काम दप्तरी कामाइतकेच आवश्यक मानावे. दुसरे, फोन अधूनमधून बंद करून पुन्हा सुरू करावा. काही हेरसाधने केवळ चालू फोनच्या स्मृतीत राहतात आणि फोन बंद होताच पुसली जातात. तिसरे, पत्रकार, वकील, लोकप्रतिनिधी, कार्यकर्ते अशा ज्यांना विशेष धोका संभवतो, त्यांनी आयफोनमध्ये २०२२ पासून उपलब्ध असलेली ‘लॉकडाऊन मोड’ ही सोय किंवा अँड्रॉइडमधील तत्सम सोय वापरावी. कंपनीकडून धोक्याची सूचना आल्यास ती धुडकावू नये आणि घाबरून फोनमधील सर्व काही पुसूनही टाकू नये. जाणकाराकडून तपासणी करून घ्यावी.

सामान्य नागरिकाला पेगाससपेक्षा त्याच्या स्वस्त भावंडांचा धोका अधिक आहे. लग्नाची निमंत्रणपत्रिका, वीजबिल, शासकीय योजनेचा अर्ज, वाहतुकीचा दंड अशा नावांनी व्हॉट्सॲपवर ‘एपीके’ फाईल येते. ती बसविली की फोनवरचे संदेश आणि बँकेचे परवलीचे आकडे परक्याच्या हाती जातात. अशी फाईल कोणाच्याही ओळखीने आली तरी उघडू नये. फसवणूक झालीच तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. पैसे पुढे सरकण्यापूर्वी ते थांबविता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच सर्वाधिक असते. लाजेने गप्प राहण्याने गुन्हेगाराचेच फावते.

घरातील एका गोष्टीचाही उल्लेख केला पाहिजे. पत्नीच्या, बहिणीच्या किंवा कर्मचाऱ्याच्या फोनमध्ये गुपचूप पाळतीचे ॲप घालणे ‘काळजीपोटी’ केले तरी तो विश्वासघात आहे, आणि कायद्याच्याही विरुद्ध जाऊ शकते. राज्यसत्तेने आपल्या खाजगीपणाचा मान राखावा अशी अपेक्षा करणाऱ्याने तो मान प्रथम आपल्या घरात राखला पाहिजे.

बंधुभगिनींनो, सुरक्षितता आणि स्वातंत्र्य ही परस्परांची वैरी आहेत, असा एक समज पसरला आहे. आज आपण पाहिलेल्या घटना याच्या उलट सांगतात. उणीव गुप्त ठेवली तेव्हा रुग्णालये आणि बंदरे असुरक्षित झाली. ती उघड केली तेव्हा कोट्यवधी फोन सुरक्षित झाले. पाळतीचे साधन निर्बंधावाचून वापरले गेले तेव्हा टोळ्यांऐवजी डॉक्टरांचा पाठलाग झाला. शासनाच्या हाती सामर्थ्य असावे, पण ते कायद्याच्या प्रकाशात वापरले जावे. आणि नागरिकाने निर्भय असावे, पण गाफील असू नये. या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात आणि त्या तशा नांदविणे ही शासन व जनता या दोघांचीही जबाबदारी आहे. ग्रंथालयासारख्या संस्थांनी या विषयाची माहिती सोप्या मराठीत गावोगावी पोहोचविण्याचे काम अंगावर घ्यावे, एवढी माझी विनंती आहे.